वास नाही, म्हणून विष नाही?

काही वर्षांपूर्वी एका दुपारी आमच्या अपघात विभागात रंगकाम करणाऱ्या एका तरुणाला आणले होते. बंद खोलीत लाकडावरचा जुना रंग उतरवताना तो चक्कर येऊन पडला होता. डब्यात काय होते ते सोबतच्या माणसाला सांगता येईना. आम्हाला ते कळले त्या तरुणाच्या शर्टाच्या वासावरून. रंग उतरवण्याच्या अशा द्रवांत मिथिलीन क्लोराइड असते. त्याची वाफ फुप्फुसांतून रक्तात जाते आणि यकृतात तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी लावून झोपणाऱ्याचा जीव ज्या वायूने जातो, तोच हा. तरुण वाचला.

अमेरिकेत मात्र बाथटबचा रंग काढताना अनेक कामगार दगावले, तेव्हा कुठे २०२४ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या रसायनाच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली. यकृताला इजा करणाऱ्या डायमिथिल फॉर्मामाइडवर युरोपीय संघाने डिसेंबर २०२३ पासून कडक मर्यादा घातल्या आहेत. ही दोन्ही द्रावके औषध कारखान्यांतही वापरली जातात. तुमच्या हातातली गोळी काही मिलिग्रॅमची असते, पण ती बनवताना लागणाऱ्या एकूण मालात निम्म्याहून अधिक वाटा बहुधा द्रावकांचाच असतो. ती बंद करायची, तर जागी काय आणायचे? गेली पंचवीस-तीस वर्षे या प्रश्नाच्या उत्तरात एक नाव हटकून येते, ते म्हणजे आयनिक द्रव.

प्रकार साधा आहे. आपले मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते, कारण त्यातले धन आणि ऋण आयन विटा रचाव्यात तसे घट्ट बसलेले असतात. त्यातला एक आयन मोठा आणि वेडावाकडा घेतला, की रचना नीट बसत नाही आणि मीठ अगदी कमी तापमानाला वितळते. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये असे एक मीठ नोंदवले, ते १२ अंशांनाच द्रव होते. हे द्रव अनेक पदार्थ विरघळवतात आणि त्यांची वाफ जवळजवळ होत नाही. वाफ नाही म्हणजे श्वासातून जाणे नाही, भडका नाही. पॉल अनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली, त्या सुमारास या द्रवांना ‘हिरवे’ हे विशेषण चिकटले. ते अर्धे खरे आहे.

खरा अर्धा भाग आधी सांगतो. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल बनवताना अनेक तेलशुद्धीकरण कारखाने हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. डॉक्टर या आम्लाला फार भितात. कातडीवर ते सुरुवातीला फारसे दुखतही नाही. आत शिरून रक्तातले कॅल्शियम बांधून टाकते आणि हृदय बंद पडू शकते. २१ जून २०१९ रोजी फिलाडेल्फियाच्या शुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाले, तेव्हा दोन टनांहून अधिक हायड्रोफ्लोरिक आम्ल यंत्रणेबाहेर पडले. जीवितहानी झाली नाही, हे त्या शहराचे नशीब. शेव्हरॉन कंपनीने सॉल्ट लेक सिटीच्या आपल्या कारखान्यात २०२१ मध्ये याच कामासाठी आयनिक द्रव आणला. तो द्रवही हाताळायला सोपा नाही, पण ढग होऊन कुंपणाबाहेरच्या वस्तीत शिरत नाही. शेजारी राहणाऱ्यांच्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे.

आता उरलेला अर्धा. जे हवेत जात नाही, ते पाण्यात जाते. सर्वाधिक अभ्यासलेल्या आयनिक द्रवांत इमिडाझोलियम नावाचा धन आयन असतो आणि त्याला कार्बनची शेपटी जोडलेली असते. शेपटी जितकी लांब, तितका तो पेशींच्या आवरणात सहज घुसतो. जीवाणू, शेवाळ, जलपिसू यांवरच्या प्रयोगांत हे पुनःपुन्हा दिसले आहे. मला यात नवल वाटले नाही. रुग्णालयात जंतू मारायला आपण जे बेंझाल्कोनियम क्लोराइड वापरतो, तेही असेच लांब शेपटीचे धन आयनवाले मीठ आहे. त्यातच २००३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवले, की त्या काळात सर्रास वापरला जाणारा एक आयनिक द्रव पाण्याच्या संपर्कात विघटित होऊन हायड्रोफ्लोरिक आम्ल सोडतो. म्हणजे ज्याला टाळायला निघालो, तोच पुन्हा दारात.

डॉक्टर म्हणून मला सर्वांत अस्वस्थ केले ते न्यूकॅसल विद्यापीठाच्या कामाने. इंग्लंडच्या ईशान्य भागात एका कचरा डेपोजवळच्या मातीत यकृताच्या पेशींना मारणारे एक रसायन त्यांना सापडले. ते आठ कार्बनची शेपटी असलेले इमिडाझोलियम निघाले. आता प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस हा आजार पाहा. बहुतेक रुग्ण मध्यमवयीन स्त्रिया. अंगाला न थांबणारी खाज, थकवा, पुढे कावीळ. शरीर स्वतःच्याच एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि यकृतातल्या बारीक पित्तनलिका नष्ट होत जातात. त्या प्रथिनावर लिपोइक आम्लाचा एक तुकडा असतो. मातीत सापडलेल्या रसायनाचे शरीरात जे रूपांतर होते, ते या आम्लासारखे दिसते आणि परीक्षानळीत त्याच्या जागी बसूही शकते, असे २०१८ मध्ये या संशोधकांनी मांडले. २०२१ मध्ये हे रसायन माणसांच्या रक्तद्रवातही आढळल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. यावरून आजाराचे कारण सिद्ध झालेले नाही, आणि खाज सुटलेल्या प्रत्येकाने घाबरण्याचेही कारण नाही. पण शंका घ्यायला इतका पुरावा पुरेसा आहे.

म्हणून सगळे आयनिक द्रव मोडीत काढायचे का? मुळीच नाही. आयन बदलता येतो, हीच त्यांची खुबी. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले आणि आता हार्वर्डमध्ये असलेले समीर मित्रगोत्री यांच्या गटाने कोलीन आणि जेरॅनिक आम्लापासून असा द्रव बनवला. पहिले अंड्यात असते, दुसरे गवती चहात आणि वेलदोड्यात. त्यात मिसळलेले इन्सुलिन उंदरांना तोंडावाटे दिल्यावर रक्तातली साखर उतरली, हे त्यांनी २०१८ मध्ये दाखवले. (इन्सुलिनची गोळी कधी येणार असे मला बाह्यरुग्ण विभागात दर आठवड्याला कुणीतरी विचारते. प्रयोग उंदरांवरचा आहे, एवढेच सांगतो.)

आपल्याकडे तारापूर, लोटे, महाड येथे औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत. युरोप-अमेरिकेचे नियम बदलले, की निर्यात करणाऱ्या कारखान्यांना द्रावक बदलावेच लागेल. अशा वेळी सामायिक सांडपाणी केंद्रात बीओडी आणि सीओडी मोजून भागणार नाही. हे आकडे पाण्यात एकूण किती सेंद्रिय द्रव्य आहे ते सांगतात. त्यात आठ कार्बनची शेपटी आहे का, ते सांगत नाहीत. द्रावक बदलण्याची परवानगी मागणाऱ्या कारखान्याकडून नव्या द्रवाचे नाव, तो पाण्यात किती दिवसांत विघटित होतो आणि सांडपाण्यात तो नेमका मोजणार कोण, एवढी माहिती प्रदूषण नियंत्रण मंडळाने घेतलीच पाहिजे. कारखान्यांतल्या डॉक्टरांकडे माझी वेगळी विनंती आहे. कामगाराला आमच्याकडे पाठवताना चिठ्ठीवर ‘केमिकल’ असे लिहू नका, डब्यावरचे पूर्ण नाव उतरवून द्या. शर्टाच्या वासावरून या द्रवाचा पत्ता आम्हाला लागणार नाही.