एमओटी पास झाली, म्हणजे ब्रेक ट्रॅकला चालतील?

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं असताना हल्ली एक नवीन विषय ऐकू येतो. कुणीतरी स्वतःचीच गाडी घेऊन सिल्व्हरस्टोन, ब्रँड्स हॅच नाहीतर डॉनिंग्टनला 'ट्रॅक डे' करून आलेलं असतं. फोनवरचे व्हिडिओ दाखवले जातात, टायर किती झिजले याच्या गप्पा होतात. मी मधेच विचारतो, "जाण्याआधी ब्रेक पॅड बघितले होतेस का?" उत्तर जवळजवळ ठरलेलं: "अरे, एमओटी मागच्याच महिन्यात झालीय की!"

या उत्तराबद्दल मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. भांडण माझ्या स्वतःशीही आहे, कारण काही वर्षांपूर्वी हेच उत्तर मीही देत होतो.

ज्यांना ट्रॅक डे म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. ही शर्यत नव्हे. वेळ मोजत नाहीत, पुढच्याने इशारा केल्याशिवाय त्याला ओलांडत नाहीत. पैसे भरायचे, सकाळी लायसन्स दाखवून सही करायची, सूचना ऐकायच्या, हेल्मेट घालायचं आणि आपली रोजची गाडी तिला जमेल तितक्या वेगाने चालवायची. आणि हो, गाडीचा आवाज मोजतात. डेसिबल मर्यादेबाहेर गेले तर गाडी आत सोडत नाहीत, कारण सर्किटच्या शेजारी राहणाऱ्या लोकांच्या तक्रारी असतात. तुमचे ब्रेक मात्र सर्वसाधारणपणे कुणी तपासत नाही. गाडी धड आहे की नाही ही जबाबदारी तुमची, असं सही केलेल्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद आपल्यापैकी किती जण वाचतात हा वेगळा विषय.

आता एमओटी. ती चाचणी कशासाठी आहे ते बघा. गाडी त्या दिवशी सार्वजनिक रस्त्यावर चालवण्याच्या किमान पातळीला उतरते का, एवढाच तिचा प्रश्न असतो. तपासनीस चाकं काढत नाही. जे काही खोलल्याशिवाय दिसतं तेवढंच तो बघतो. पॅडचा घर्षणाचा थर १.५ मिलिमीटरपेक्षा कमी दिसला तर गाडी 'डेंजरस' शेऱ्यासह नापास होते. म्हणजे २ मिलिमीटरचा पॅड पास होऊ शकतो. नव्या पॅडवर हा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. टेस्कोपर्यंत जाऊन यायला २ मिलिमीटर पुरतात. ट्रॅकवर ते किती पुरतात, हे मी बेडफर्ड ऑटोड्रोमला शिकलो.

तो ऑक्टोबर होता. शेजारच्या सीटवर माझा भाचा होता, पुण्याहून नुकताच इथे एमएस्सीला आलेला. आदल्याच आठवड्यात गाडीची सर्व्हिस झाली होती आणि गॅरेजच्या कागदावर ब्रेकसमोर हिरवी खूण होती. सकाळचे फेरे झकास झाले. जेवणानंतर तिसऱ्या का चौथ्या फेरीत लांब सरळ रस्ता संपताना मी ब्रेक दाबला आणि पेडल नेहमीच्या जागी लागलंच नाही. खाली, अजून खाली. उशीवर पाय ठेवल्यासारखं. पाय उचलून पुन्हा दोनदा दाबल्यावर थोडं काहीतरी पकडलं, तोवर वळण मागे पडलं होतं आणि आम्ही गवतातून बरंच आत जाऊन थांबलो. बेडफर्ड हे जुन्या विमानतळावर बांधलेलं आहे, मोकळी जागा भरपूर. ब्रँड्स हॅचला असतो तर हा लेख कदाचित वेगळ्या सुरात लिहिला असता. भाचा हसत होता, त्याला तो खेळाचाच भाग वाटला. त्या रात्री ताईचा फोन आला तेव्हा "मस्त झालं" एवढंच मी बोललो.

चाक काढल्यावर दिसलं ते असं. बाहेरच्या बाजूचा पॅड पाचेक मिलिमीटर, म्हणजे बऱ्यापैकी. आतल्या बाजूचा, जो चाकाच्या आऱ्यांमधून दिसतच नाही, तो जेमतेम २. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून अडकली होती, त्यामुळे सगळा भार आतल्या पॅडवर येत होता. गॅरेजवाल्याने खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. त्याला दिसला तो पॅड ठीक होता, आणि मी त्याला ट्रॅकबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं.

पण पेडल खाली का गेलं? पॅड संपला नव्हता, २ मिलिमीटर होता की! इथेच शाळेतली गतिज ऊर्जा कामाला येते. माणसांसकट १४०० किलोची गाडी ताशी ३० मैलांवरून थांबवली तर साधारण १ लाख २६ हजार ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. तीच गाडी ताशी ११० मैलांवरून ४५ वर आणली, तर सुमारे १४ लाख ज्यूल. अकरा पट. सिग्नलला थांबण्यापेक्षा अकरा पट, आणि गाडी तर अजून थांबलेलीही नाही. एवढ्या उष्णतेत घरच्या किटलीतलं चार लिटर पाणी उकळेल. तीन किलोवॉटच्या किटलीला त्यासाठी जवळपास आठ मिनिटं लागतील. तुम्ही ते चार सेकंदांत करता. पुढच्या एका डिस्कच्या वाट्याला यातला साधारण एक तृतीयांश भाग येतो. डिस्क सात किलोची धरली तर एका दाबात ती १४० अंशांनी तापते. पुढचं वळण अर्ध्या मिनिटावर असतं, तोवर ती पुरती निवलेली नसते. तेव्हा पाच-सहा वळणांनंतर काय होत असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

ही उष्णता डिस्ककडून पॅडमध्ये, पॅडमधून मागच्या लोखंडी पाटीत, तिथून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमागच्या ब्रेक ऑइलमध्ये शिरते. घर्षणाचा थर हा उष्णतेचा वाईट वाहक आहे, आणि आपल्या दृष्टीने तोच त्याचा मोठा गुण. पॅडची जाडी म्हणजे 'अजून किती मैल चालेल' एवढंच नव्हे. तापलेली डिस्क आणि ब्रेक ऑइल यांच्यामधली ती भिंत आहे. १० मिलिमीटरची भिंत आणि २ मिलिमीटरची भिंत यांत किती फरक, हे गरम तवा दुपदरी फडक्याने आणि विरलेल्या फडक्याने उचलून बघितलेल्या कुणालाही सांगायला नको.

त्यात ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. 'डॉट ४' प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा असं प्रमाण आहे. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो. मग तुमचा पाय डिस्कला थांबवण्याऐवजी बुडबुडे दाबत बसतो. माझं पेडल उशीसारखं लागलं ते यामुळे.

आपल्याला हे सगळं खरं तर नवीन नाही. बोरघाट उतरून खोपोलीला आलं की ट्रकांच्या ब्रेकचा जळका वास यायचा, आठवतो? घाटात खालच्या गिअरवर उतरायचं, ब्रेकवर नाही, हे एसटीच्या ड्रायव्हरला कुणी ऊर्जेची सूत्रं सांगून शिकवलेलं नसतं. रेल्वेने तर त्याच घाटात, ३७ फुटांना एक फूट अशा उतारावर, ब्रेक न लागलेल्या गाडीला चढावर वळवून थांबवणाऱ्या कॅच सायडिंग बांधून ठेवल्या. ब्रेक तापतो हे गृहीत धरूनच घाट चालतो. मग इथे आल्यावर, हातात महागडी जर्मन गाडी आली की आपण ते का विसरतो?

माझं मत थोडं झोंबणारं आहे. आपल्यातले बहुतेक जण इंजिनिअर. डेटा, कोड, पुलांची डिझाइन, सगळं जमतं; चाकाचे नट सोडवायला मात्र 'माणूस' लागतो. हात काळे करणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम, हे आपण सामानाबरोबर विमानातून घेऊन आलो आहोत. म्हणून शिक्का आणि हिरवी खूण यांवर आपला इतका विश्वास. डर्बीशरमधल्या चॅपल-एन-ले-फ्रिथ या गावी हर्बर्ट फ्रूडने १८९७ मध्ये ब्रेक अस्तरांचा धंदा उभा केला, पुढे तो फेरोडो नावाने जगभर गेला. त्याला ती कल्पना सुचली ती म्हणे शेतकऱ्यांना उतारावर गाडीच्या ब्रेकवर जुने बूट ठोकताना बघून. त्या शेतकऱ्यांना बूट किती झिजला हे रोज दिसत असणार.

तर बघायचं कसं. सपाट जागा, जॅक, आणि जॅकशिवाय आधाराचे स्टँड; नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाकाजवळ डोकं घालू नका. चाक काढा. आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड बघा आणि पट्टीने मोजा. मोजताना मागची लोखंडी पाटी धरू नका. ती साधारण पाच मिलिमीटरची असते आणि पुष्कळ जण तिच्यासकट मोजून खूश होतात. पॅडच्या दोन टोकांत किंवा आतल्या-बाहेरच्या पॅडांत दोनेक मिलिमीटरचा फरक असेल तर काहीतरी अडकलं आहे. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, तोही वाचा. भुकटी फुंकू नका. ॲस्बेस्टसवर इथे १९९९ मध्ये बंदी आली, तरी आताची भुकटीही नाकात घेण्यासारखी नाही. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. पुष्कळ गाड्यांत त्याचा सेन्सर एखाद्याच चाकाच्या एकाच पॅडला असतो, काहींत तो नसतोच. शेवटी नट टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे घट्ट करा.

माझा नियम असा: निम्म्याहून कमी पॅड असेल तर जायचं नाही, बुकिंगचे पैसे बुडाले तरी. ऑइल वर्षाच्या आतलं. दिवसात काही मिलिमीटर सहज झिजतात, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत सँडविचच्या आधी टॉर्च घेऊन पुन्हा बघायचं. आयोजकांनी सकाळच्या सूचनांमध्ये "आतला पॅड कुणी कुणी बघितला, हात वर करा" एवढं जरी विचारलं तरी मला पुरे वाटेल. आवाज मोजायला वेळ मिळतो तर याला का नाही?

भाचा आता मँचेस्टरला नोकरी करतो आणि त्याने स्वतःची छोटी गाडी घेतली आहे. मार्चमध्ये स्नेटर्टनला येतो म्हणाला. त्याला पाठवलेल्या यादीत सगळ्यात खाली एक ओळ आहे: शेवटची फेरी ब्रेक न दाबता सावकाश मारायची आणि आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, डिस्क तापलेली असते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा.