हाडांचा हिशेब, पडण्यापूर्वी

म्हातारपणी माणूस पडायचाच आणि पडला की हाड मोडायचेच, असे आपण जणू गृहीत धरले आहे. न्हाणीघरात पाय घसरला, उंबऱ्याला ठेच लागली, रात्री अंधारात खाटेवरून उतरताना तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले. मग घरातले सारे त्या ओल्या फरशीला दोष देतात. पण उभ्या उंचीवरून साधे पडल्याने निरोगी हाड सहसा मोडत नाही. ते मोडते, कारण आतून ते कित्येक वर्षांपासून विरळ होत आलेले असते. यालाच डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. साध्या मराठीत हाडांचा ठिसूळपणा.

या दुखण्याची खोड अशी की ते दुखत नाही. ताप येत नाही, सूज दिसत नाही. हाड मोडते तेव्हाच ते पहिल्यांदा बोलते आणि तोवर फार उशीर झालेला असतो. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचांतला एक वर्षभरात दगावतो, असे जगभरच्या अभ्यासांत दिसून आले आहे. जे वाचतात त्यांतील अनेकांना पुन्हा पूर्वीसारखे चालता येत नाही. हरियाणातील रोहतक जिल्ह्यात पन्नाशीपुढील लोकांची पाहणी झाली, तेव्हा दर लाख स्त्रियांमागे वर्षाला १५९, तर दर लाख पुरुषांमागे १०५ जणांचा खुबा मोडत असल्याचे आढळले. म्हणजे हा केवळ बायकांचा आजार आहे, ही समजूतही खरी नाही.

हाडांची घनता मोजणारे डेक्सा नावाचे यंत्र असते. या यंत्रावर तरुण, निरोगी हाडाशी तुलना करून जो अंक मिळतो, तो उणे अडीच किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस समजावा, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये केली. पण हे यंत्र मोठ्या शहरांत. कारंजा लाडसारख्या तालुक्याच्या गावातील बाईने त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवायची, एस.टी.चे भाडे भरायचे, सोबतीला कोणाला तरी न्यायचे. तेही काही दुखत नसताना. ती जाणार नाही आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न असा की, जायला हवे कोणी, हे घरबसल्या कसे ठरवावे?

याचे एक उत्तर २००१ मध्ये पुढे आले. आठ आशियाई देश-प्रदेशांतील, पाळी थांबलेल्या ८६० स्त्रियांची तपासणी करून संशोधकांनी एक सोपी पद्धत काढली. धोक्याच्या अनेक गोष्टी तपासल्यावर त्यांच्या लक्षात आले की, वय आणि वजन या दोनच आकड्यांवरून बराच अंदाज बांधता येतो. किलोतील वजनातून वर्षांतील वय वजा करायचे, बस्स. उत्तर उणे पाचपेक्षा वर असेल तर धोका कमी. उणे पाच ते उणे वीस असेल तर मध्यम. उणे वीसच्याही खाली गेले तर जास्त. बावन्न वर्षांची, छप्पन किलोची बाई पहिल्या गटात. अठ्ठावन्न वर्षांची, पन्नास किलोची दुसऱ्या. पासष्ट वर्षांची, बेचाळीस किलोची कृश आजी उणे तेवीसवर. तिने डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई करू नये.

कारंज्याच्या बाजारात कापूस आणि तूर काट्यावर चढल्याशिवाय विकली जात नाही. मालाचे वजन आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. घरच्या माणसाचे मात्र आजारपणाशिवाय कोणी करीत नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईच्या सुमारास म्हणा, घरातील मोठ्यांचे वजन आणि भिंतीशी उभे करून उंची लिहून ठेवावी. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरने घटली असेल, पूर्वी सहज हाताला लागणारी फळी आता लागत नसेल, तर पाठीचा मणका न कळत दबला असण्याची शक्यता असते.

अर्थात ही चाळणी आहे, निदान नव्हे. ती पूर्व आणि आग्नेय आशियातील स्त्रियांच्या आकड्यांवर बेतलेली. आपल्याकडे अर्धपोट राहून कृश झालेल्या बायका पुष्कळ, म्हणून ती अनेकींना धोक्यात दाखवील. उलट वजन जास्त आहे म्हणून निर्धास्त राहणेही चूक. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या आहेत काय? आई-वडिलांचा खुबा मोडला होता काय? पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडले होते काय? तंबाखू, दारू आहे काय? हे प्रश्न त्या वजाबाकीत नाहीत. ते वेगळे विचारावे लागतात.

आणि आणखी एक प्रश्न महाराष्ट्राने तरी विसरू नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. त्यांत कित्येक जणी ऐन तारुण्यातल्या होत्या. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले की हाडांना जपणारे इस्ट्रोजेन एकाएकी आटते. बीजकोश ठेवले तरी पाळी जाण्याचे वय पुष्कळदा अलीकडे येते. अशी अडतीस वर्षांची बाई वजाबाकीत सुरक्षित ठरेल, प्रत्यक्षात तिचे हाड मात्र दहा वर्षे पुढे धावत असेल. पिशवी काढली आहे काय आणि कितव्या वर्षी, हे म्हणून आवर्जून विचारले पाहिजे.

विचारणार कोण? आशाताई आज तीस वर्षांवरील प्रत्येकाची प्रश्नावली भरतात. रक्तदाब, साखर आणि तीन प्रकारच्या कर्करोगांच्या तपासणीसाठी ती आहे. या यादीत हाडे नाहीत. वाशीम २०१८ पासून केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांत मोडतो. आरोग्य हा त्या कार्यक्रमाचा एक आधारस्तंभ आहे. एक वजनकाटा, एक वजाबाकी आणि चार प्रश्न एवढेच यात वाढवायचे आहे. ज्यांचा आकडा खाली जाईल, त्यांना ठरावीक दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा अकोला-अमरावतीला नेऊन तपासणी करून आणण्याची सोय शासनाने करावी. एवढ्याने खर्चाचा डोंगर उभा राहणार नाही. एका मोडलेल्या खुब्याच्या शस्त्रक्रियेपायी शेत गहाण पडते, तो खर्च कोणी मोजतो काय?

घराने करायचेही काही आहे. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ज्वारीची भाकर कसदार खरी, पण तिच्यात कॅल्शियम बेताचेच. तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला, दूध-दही यांनी ती उणीव भरून निघते. तिळाची चटणी संक्रांतीपुरती ठेवायचे कारण नाही. घराबाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्यांनी रोज थोडा वेळ उन्हात बसावे, जमेल तेवढे चालावे. न्हाणीत धरायला दांडी, रात्री एक दिवा, उंबऱ्याजवळ लोळणारी सतरंजी दूर, हे तर आजच होण्यासारखे. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. शिबिरात टाचेवर यंत्र लावून दिलेला कागद हेही अंतिम निदान समजू नये.

आईने आयुष्यभर घरातल्या सगळ्यांची ताटे वाढली; तिच्या ताटात काय उरले, हे कोणी पाहिले नाही. त्या उरल्यासुरल्याचा हिशेब तिची हाडे आज देत आहेत. पुढच्या रविवारी तिचे वजन करा, त्यातून वय वजा करा. आकडा काय निघतो ते पाहून पुढचे ठरवता येईल. पण तो निघाला पाहिजे, ती पडण्यापूर्वी.