कोरड्या दिवसांचे बळ

मदर तेरेसा यांची खासगी पत्रे 2007 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि टीकाकारांना आयते कोलीत मिळाले. जवळजवळ पन्नास वर्षे जिला प्रार्थनेत देवाचे सान्निध्य जाणवले नाही, ती बाई लोकांपुढे देवाचेच नाव घेत राहिली. हे ढोंग नव्हे तर काय? दुसरा आक्षेप जरा सौम्य आहे: ढोंग नसेल, पण मग ती निव्वळ जिद्द, देवाच्या कृपेचा संबंध येतोच कुठे?

पहिल्या आक्षेपात श्रद्धा म्हणजे सुखद अनुभूती असे धरून चालले आहे. व्रत घेताना धर्मभगिनी अनुभूतीची हमी देत नाही. निर्धनता, ब्रह्मचर्य, आज्ञापालन आणि मिशनरीज ऑफ चॅरिटीत चौथे व्रत, गरिबांतल्या गरिबांची मनोभावे विनामूल्य सेवा: ही सगळी आचरणाची वचने आहेत. ती मदरनी पाळली. आपला अंधार त्यांनी आर्चबिशपांना आणि आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहून कळवला होता. पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची विनंती होती, कारण लोकांचे लक्ष येशूवरून आपल्याकडे वळेल ही त्यांना धास्ती होती. मार्गदर्शकापुढे मन उघडे करणाऱ्याला ढोंगी म्हणता येत नाही.

आता जिद्दीचा मुद्दा. माणूस इच्छाशक्तीच्या बळावर निर्दोष जगू शकतो, हे पेलाजियसचे मत ऑगस्टीन यांनी खोडून काढले आणि 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने ते अमान्य केले. हा वाद जुना, पण मदरच्या आयुष्यात त्याचे उत्तर सापडते. 1961 च्या सुमारास पुण्यात धर्मशास्त्र शिकवणारे ऑस्ट्रियन जेझुइट फादर जोसेफ नॉयनर यांनी त्यांना समजावले की, देवासाठीची ही तळमळ हीच तो जवळ असल्याची खूण आहे आणि हा अंधार त्यांच्या कार्याचाच भाग आहे. पुढे मदरनी कृतज्ञतेने कळवले की, त्या अंधारावर आता आपले प्रेम जडू लागले आहे. अंधार काही सरला नाही. तो सोसण्याचे बळ मात्र आले, तेही दुसऱ्याच्या मुखातून. जिद्दीची सारी मदार स्वतःवर असते. हे बळ मागून घ्यावे लागले.

काही भाविक उलट टोकाला जातात: कृपा आहे ना, मग धडपड कशाला? त्यांनी कोलकात्याच्या मदर हाउसची सकाळ पाहावी. पहाटे उठून प्रार्थना, सहाची मिस्सा, मग बादलीत निळ्या काठाची साडी हाताने धुणे आणि पुढे कालीघाटच्या ‘निर्मल हृदय’मध्ये मरणासन्न माणसाचे अंग पुसणे. मन भरून आलेले असो वा रिकामे, हा क्रम चुकत नाही. कृपा याच नित्यक्रमातून काम करते. चर्चही एका दिवसाच्या भावनेच्या भरतीवर भिस्त ठेवत नाही: अखेरच्या व्रतांआधी किमान तीन वर्षे तात्पुरती व्रते पाळावी लागतात.

एक गैरवापर मात्र स्पष्ट शब्दांत नाकारला पाहिजे. एखाद्या सिस्टरवर अन्याय होत असताना ‘कृपा बळ देईल, गप्प राहा’ असे सांगणे हा कृपेचा अपमान आहे. कृपा व्रत पाळण्याचे बळ देते, तसे अन्यायाविरुद्ध तोंड उघडण्याचेही देते.

म्हणून मठाच्या वरिष्ठांना आणि घरच्यांना एक विनंती. कोरड्या काळातून जाणाऱ्या धर्मभगिनीला ‘तुझी प्रार्थनाच कमी पडते’ असे सुनावू नका. तिचे मनापासून ऐकेल असा मार्गदर्शक तिला मिळवून द्या.