रक्ताच्या अहवालातील दारू

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत ज्या कारखान्यांत कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी होते, तेथे अहवालावर 'फिट' असा शेरा पडला की विषय मिटतो; परंतु दीर्घकाळ दारू पिणाऱ्याच्या व्यसनाच्या खुणा, त्याने तोंड उघडण्यापूर्वीच, पुष्कळदा याच साध्या अहवालात उमटलेल्या असतात.

त्यांपैकी सर्वांत दुर्लक्षित आकडा एमसीव्हीचा, म्हणजे तांबड्या पेशींच्या सरासरी आकारमानाचा होय. तो साधारणतः 80 ते 100 फेमटोलिटर असतो; मात्र रक्तपेशी जेथे तयार होतात त्या अस्थिमज्जेवर मद्य थेट आघात करते, फॉलिक आम्लाची उणीव त्यात भर घालते आणि पेशींचे आकारमान वाढते. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगत असल्याने दारू सुटल्यावरही हा आकडा उतरण्यास काही महिने लागतात, त्यामुळे तपासणीपूर्वी आठवडाभर न प्यायल्याने तो झाकला जात नाही. जीजीटी हे यकृताशी निगडित एन्झाइम त्या मानाने लवकर, काही आठवड्यांत खाली येते. एसजीओटी आणि एसजीपीटी या यकृताच्या तपासणीतील आणखी दोन एन्झाइमांपैकी पहिले दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक असल्यास मद्यजन्य यकृतदाहाचा संशय बळावतो.

तथापि हे आकडे पुरावा नव्हेत. बी-12 जीवनसत्त्वाच्या अभावानेही एमसीव्ही वाढतो, फिट्सच्या काही औषधांनी जीजीटी वाढते, आणि उलटपक्षी रोज पिणाऱ्याचा अहवालही निर्दोष येऊ शकतो. म्हणूनच डॉक्टरांनी विचारणे आणि कामगाराने खरे सांगणे याला पर्याय नाही. पण अहवाल थेट व्यवस्थापनाच्या हाती जाणार असेल, तर उद्याच्या कामाची शाश्वती नसलेला कंत्राटी कामगार खरे का सांगेल? त्याची माहिती गोपनीय ठेवण्याची हमी नसेल, तर अशा तपासणीचा निम्मा उपयोग वाया जातो.

अहवाल पाहून घाबरलेल्या माणसाने दारू एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते, कारण रोज भरपूर पिणाऱ्यास पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके, भ्रम आणि कंप येऊन जीवावर बेतू शकते. अशा वेळी मदतीसाठी पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र कार्यरत आहे. भोसरीतील कारखान्यांच्या डॉक्टरांनी संशयास्पद अहवाल फाइलला न लावता संबंधित कामगारास एकांतात बोलवावे, आणि कामगारांनी दारू सोडताना वैद्यकीय देखरेख अवश्य घ्यावी.