पहिली पंगत की दुसरी?

गेल्या महिन्यात दवाखान्यात एक जोडपे आले. दोघेही सत्तरी ओलांडलेले. गृहस्थ निवृत्त प्राथमिक शिक्षक. तपासणी झाली, चिठ्ठी लिहून झाली, तरी दोघे उठेनात. शेवटी बाईच म्हणाल्या, "डॉक्टर, मुलाने मुंबईहून बोटीच्या सहलीचे बुकिंग केले आहे. गोव्याला जाणारी मोठी बोट. तिथे रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती असतात म्हणे. तो म्हणतो, तुम्ही दोघे पहिल्या पंगतीला बसा, आम्ही मुलांना घेऊन दुसरीला बसू. यांच्या इन्सुलिनला कोणती बरी पडेल?"

पोलादपुरात बसून क्रूझच्या पंगतीचा विचार करावा लागेल, असे मला कधी वाटले नव्हते. पण हल्ली मुंबई-पुण्यातली, परदेशातली मुले आईवडिलांना हौसेने अशा सहलीला नेतात. हा प्रश्न आणखी काही घरांत निघत असेल, म्हणून त्याचे उत्तर आज येथे सविस्तर देतो.

अनेक क्रूझ जहाजांवर मुख्य भोजनगृहात दोन पाळ्या असतात. पहिली साधारण सायंकाळी सहाच्या सुमारास, दुसरी आठ-साडेआठला. नेमकी वेळ जहाजानुसार बदलते. पदार्थ एकामागून एक येतात, त्यामुळे जेवण तास-दीड तास चालते. वयस्करांसाठी लवकरची पंगत चांगली, असे बहुतेक जण गृहीत धरतात. ते बऱ्याच अंशी खरे आहे, परंतु सर्वांच्या बाबतीत नाही.

प्रथम लवकरच्या पंगतीचे फायदे पाहू. ज्यांना आंबट ढेकर, छातीत जळजळ यांचा त्रास आहे, त्यांनी जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. साडेआठला बसून दहाला उठलेला माणूस साडेदहाला आडवा झाला, तर त्याची रात्र उशीला टेकून बसण्यात जाते. या बाईंना हाच विकार होता. शिवाय भरपेट जेवणानंतर तास-दोन तासांत अनेक वृद्धांचा रक्तदाब खाली उतरतो. रक्तदाबाची किंवा लघवीची गोळी चालू असेल, तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. हलत्या जहाजावर असा तोल गेला, तर खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो. म्हणून जेवण बेताचे असावे आणि जेवून लगेच जिना चढू नये. पंधरा-वीस मिनिटे बसून, कुणाचा तरी हात धरून उठावे.

आता दुसरी बाजू. घरी साडेसातला जेवणारा मधुमेही सहा वाजता जेवला आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला साडेआठला गेला, तर मध्ये बारा तासांहून अधिक उपास घडतो. संध्याकाळचे इन्सुलिन मात्र रात्रभर आपले काम करीत राहते. अशा वेळी पहाटे साखर खाली जाऊ शकते, आणि झोपेत ते कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून लवकरची पंगत घेणाऱ्याने झोपण्यापूर्वी कपभर दूध किंवा दोन-तीन बिस्किटे घ्यावीत आणि शक्य असल्यास ग्लुकोमीटरवर साखर पाहावी.

उशिराच्या पंगतीतला धोका याहून वेगळा आहे, आणि तो मी स्वतः पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका लग्नघरातून रात्री एका आजोबांना माझ्याकडे आणले. नेहमीप्रमाणे सात वाजता इन्सुलिन टोचून ते मांडवात गेले होते. आधी पाहुण्यांची पंगत, मग वऱ्हाडाची, घरची माणसे शेवटी; हा आपला रिवाज. साडेनऊ वाजले तरी त्यांच्यापुढे पान आले नव्हते. अंग घामाने निथळत होते आणि बोलणे असंबद्ध झाले होते. आजूबाजूच्यांना वाटले, दगदगीने थकले असतील. रक्तातली साखर निघाली बेचाळीस. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर थोड्या वेळाने त्यांनी नातवाला नावाने हाक मारली. आणखी अर्धा-पाऊण तास असाच गेला असता, तर काय झाले असते हे सांगायला नको.

तेव्हापासून मी एकच नियम सांगत आलो आहे: इन्सुलिन भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून घेऊ नये, ते जेवणाशी बांधलेले असावे. जे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचे असते, ते वाढपी नेमके केव्हा वाढणार हे विचारून घ्यावे. जे जेवणाच्या अगदी तोंडावर घ्यायचे, ते ताट समोर दिसल्यावर घ्यावे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या साखर खाली आणणाऱ्या गोळ्यांनाही हाच न्याय लागू आहे. दुसरी पंगत घ्यायची असेल, तर साडेसहाच्या सुमारास थोडा उपमा किंवा एखादे फळ खाऊन घ्यावे. किती मात्रा आणि केव्हा, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. परदेशी जहाज असेल, तर घड्याळाचाही फरक विचारावा. सिंगापूरची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे.

सोबत जाणाऱ्यांनी आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. बंदरावर सोपविलेले मोठे सामान खोलीत पोहोचायला कित्येकदा काही तास लागतात.

साखर खाली गेल्याची लक्षणे सर्वांना ठाऊक असावीत: घाम, थरथर, चिडचिड, गोंधळलेले बोलणे. रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. जहाजावरच्या डॉक्टरांना तत्काळ बोलवावे. अटेनोलोलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत थरथर व धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो.

आंबेनळी घाटात ज्यांना मळमळते, त्यांना समुद्रावरही त्रास होण्याचा संभव असतो. मात्र मळमळीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी गुंगी येते, आणि प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडकू शकते. ज्यांना इन्सुलिन घेतल्यावर उलटी झाली, त्यांची साखर लगेच पाहावी.

पंगत बुकिंगच्या वेळीच मागून घ्यावी. न मिळाल्यास पहिल्याच दिवशी भोजनगृहाच्या प्रमुखाला प्रकृतीचे कारण सांगावे. बऱ्याच जहाजांवर बुफेही असतो; वेळेचे बंधन नको असेल, तर तो मार्ग उत्तम.

आता त्या गुरुजींना मी काय सांगितले? बाईंच्या जळजळीसाठी पहिली पंगत चांगली. गुरुजींनाही ती चालेल; इन्सुलिन त्या जेवणाबरोबर आणि झोपताना कपभर दूध. परंतु मुलाच्या बेतातली एक गोष्ट मला पटली नाही, ती म्हणजे या दोघांना वेगळे बसविणे. त्याचा हेतू चांगला होता. आईवडिलांना ताटकळावे लागू नये, एवढीच त्याची इच्छा. पण अनोळखी माणसांच्या टेबलावर गुरुजींना घाम फुटला, तर शेजारच्याला वाटेल उकडत असेल. बाई घाबरून जातील. त्यांना जहाजावरचा फोनही लावता येत नाही. मी त्यांच्यासमोरच मुलाला फोन लावला. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "डॉक्टर, हे माझ्या लक्षातच आले नाही. आम्ही सगळेच पहिल्या पंगतीला बसू. पोरांना कार्यक्रमाला नंतर नेता येईल."

फोन ठेवला, तेव्हा बाई पदराने डोळे पुसत होत्या. त्यांनी दवाखान्यात येऊन विचारला होता तो इन्सुलिनचा प्रश्न; मनातला प्रश्न बहुधा दुसराच होता.

म्हणून वाचकहो, सहलीला जरूर जा, समुद्र डोळे भरून पाहा. पंगत पहिली घ्या वा दुसरी. आपले औषध, आपली लक्षणे आणि आपला स्वभाव ओळखणारे एक माणूस शेजारच्या खुर्चीवर असेल, एवढे मात्र पाहा.