स्टेंट न टाकणे हाही उपचारच

मालवण किनाऱ्यावर चाळिशीतल्या बाईच्या छातीत दुखू लागले, की आधी पित्ताची गोळी दिली जाते. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, मग हृदयविकार कसला? पण हृदयाच्या रक्तवाहिनीचे अस्तर आपोआप चिरून किंवा भिंतीतच रक्त साचून येणारा एक झटका असतो. तो बहुतेक करून बायकांनाच येतो, बाळंतपणानंतरच्या आठवड्यांतही. म्हणून ईसीजी तातडीने हवा.

नक्की निदान अँजिओग्राफीत होते. त्यासाठी इथले अनेक रुग्ण बांबोळीला जातात. एवढा प्रवास करून डॉक्टर ‘स्टेंट नको’ म्हणाले, की नातेवाइकांना टाळाटाळ वाटते आणि आग्रह सुरू होतो. तो धरू नये. बलून-स्टेंटने चीर आणखी लांबू शकते. हात न लावल्यास बहुतेक चिरा काही आठवड्यांत भरून येतात. दुखणे थांबेना, रक्तदाब ढासळू लागला किंवा डावी मुख्य वाहिनीच चिरली, तर मात्र स्टेंट किंवा बायपास टाळता येत नाही. म्हणूनच पहिले काही दिवस रुग्णालयात देखरेख लागते.

काहींना हा झटका पुन्हा येतो. बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करू नयेत. विहिरीची घागर किंवा मासळीची पाटी डॉक्टरांना विचारूनच उचलावी.