‘प्राथमिक अंदाज’ लिहून मोकळं होणाऱ्यांत मीही आहे

गेल्या आठवड्यात आमच्या गावात पहाटे एका घरात भडका उडाला. चहा ठेवायला उठलेली बाई भाजली. मी पोचलो तेव्हा गर्दीत एकच चर्चा, “सिलिंडर फुटला!” आत जाऊन बघितलं तर सिलिंडर जागेवर, अख्खा. तडकलेली होती ती नळी. तिच्यावर छापलेलं साल ८ वर्षांपूर्वीचं.

संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर निकालही लागला : बाईचा हलगर्जीपणा.

अहो, नळी ५ वर्षांनी बदलायची असते हे त्या माउलीला सांगितलं कुणी? सिलिंडर देताना गळती तपासून द्यायची असते. आमच्याकडे तो दारात आपटतात आणि वरचे पैसे घेऊन पुढे जातात. एजन्सीच्या मेकॅनिकनं ५ वर्षांतून एकदा घरी येऊन तपासणी करायची असते. आमच्या गल्लीत ११ घरांत विचारलं. २ घरी कुणीतरी येऊन गेलं होतं. अधिकृत जोडणीला तेल कंपन्यांचा विमा असतो, हेही त्या घराला माझ्याकडून कळलं. मग हलगर्जीपणा नेमका कुणाचा?

आता माझं पाप. “शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज” हे वाक्य मी किती वेळा लिहिलंय, मोजलेलं नाही. अंतिम काय निघालं, हे विचारायला एकदाही परत गेलो नाही. शॉर्टसर्किट म्हणजे काही दैवी कोप नाही. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार कोंबणं, एकाच बोर्डावर हीटर आणि इस्त्री, ३० वर्षांच्या वायरिंगवर नवा एसी, ही त्याची खरी नावं. टाइल्सला लाखभर घालतो आपण, आणि गळतीचा करंट तोडणाऱ्या आरसीसीबीचं नाव काढलं की “उगाच खर्च कशाला?”

२००६ च्या राज्याच्या कायद्यानं मोठ्या इमारतींना दर जानेवारी-जुलैत अग्निसुरक्षेचा दाखला द्यावा लागतो. आपल्या पत्र्याच्या, दुमजली घरांकडे बघायला कुणी नाही. नगरपरिषदेनं घरपट्टीच्या बिलामागे चार सूचना छापल्या तरी पुष्कळ झालं. तिथे सध्या पदाधिकाऱ्यांचे फोटो असतात.

तोवर आज रात्री एवढं करा. नळीवरचं साल बघा. सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवरचं अक्षर बघा : ‘बी-२७’ म्हणजे एप्रिल ते जून २०२७ मध्ये त्याची पुढची चाचणी. मुदत टळली असेल तर परत पाठवा, भांडा. वास आला तर दिव्याचं बटण चालूही नाही, बंदही नाही. रेग्युलेटर बंद करा. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून खिडकीबरोबर दारही उघडा. बाहेर या आणि मग १९०६ ला फोन लावा.

आणि यापुढे माझ्या बातमीत ‘प्राथमिक अंदाज’ दिसला, तर आठ दिवसांनी मला चौकात अडवून विचारा, “पुढे काय झालं?” उत्तर नसेल तर हलगर्जीपणा माझाही धरा.